फाटक लावून घ्या

साउथ डाउन्स वे नावाच्या वाटेवर माउंटन बाइक घेऊन निघालेल्या माणसाचा दिवस तीन गोष्टींत जातो. चढावर धापा टाकण्यात, उतारावर देवाचं नाव घेण्यात आणि फाटकं उघडून पुन्हा लावण्यात. पहिल्या दोन गोष्टींवर लोक तासन् तास बोलतात. हेल्मेटवर कॅमेरा बसवून त्यांच्या फिती काढतात, त्या फितींना धडाडतं संगीत लावतात. तिसऱ्या गोष्टीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. फितींतून फाटकं कापलेली असतात. पाहणाऱ्याला वाटावं, की विंचेस्टरहून सुटलेला गडी थेट ईस्टबोर्नलाच जमिनीला पाय लावतो. प्रत्यक्षात एखाद्या वाड्याच्या देवडीवरच्या पहारेकऱ्याने उभ्या नोकरीत उघडली नसतील इतकी फाटकं त्याने वाटेत उघडलेली असतात. मला त्या वाटेवरचं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर ती ही फाटकंच.

एरवी वाटही मोठी देखणी आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला समांतर, समुद्रापासून थोडी आत, खडूच्या टेकड्यांची एक लांबलचक रांग आहे आणि तिच्या माथ्यामाथ्याने हॅम्पशर आणि ससेक्समधून ही १६० किलोमीटरची वाट जाते. १९७२ साली ती खुली झाली तेव्हा हॅम्पशरच्या हद्दीपाशी थांबायची; विंचेस्टरपर्यंत ती पुढे लांबवली. पूर्वेकडे तोंड करून निघालं, की डाव्या हाताला कडा एकदम उतरतो आणि खाली झुडपांच्या कुंपणांनी आखलेली शेतं, ओकची झाडं आणि गारगोटीच्या भिंतींची चर्चं पसरलेली दिसतात. उजव्या हाताला जमीन घाई न करता समुद्राकडे कलत जाते, जसा एखादा बुजुर्ग गवई आलाप संपवताना षड्जावर येतो, पण आल्याचं दाखवत नाही. माझा भाचा या टेकड्यांच्या कुशीतल्या लुइस गावी नोकरीनिमित्त राहतो. त्याच्याकडे सुट्टीला गेलो, की तो मला एक सायकल भाड्याने आणून देतो आणि वाटेचा एखादा तुकडा दाखवायला नेतो. सगळी वाट एका दमात करणारे वीर असतात. आमचं तुकड्यातुकड्यांनी चाललं आहे, आणि तेच बरं.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला या टेकड्यांची उंची ऐकून आधी हसू येतं. डिचलिंग बीकन २४८ मीटर, बट्सर हिल २७० मीटर. कळसूबाईच्या १६४६ मीटरपुढे ही मंडळी पायरीवर बसलेली लहान मुलंच म्हणायची. पण त्यांचा खडू साधारण दहा ते सात कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी, डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळांच्या कवचांनी, कण कण साचत गेलेला. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हारसातून उसळला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे उंचीने धाकट्या दिसणाऱ्या या टेकड्या वयाने आपल्या डोंगरांहून वडील आहेत, आणि घरातल्या कमी उंचीच्या वडीलधाऱ्यांसारखा त्यांचा धाकही हळूहळू कळतो. त्या एकदाच काय ते चढवत नाहीत. दोनशे मीटर चढवतात, एखाद्या नदीपर्यंत सगळं उतरवून घेतात आणि पलीकडे पुन्हा पहिल्यापासून हिशेब मांडतात. अशी बेरीज करत ईस्टबोर्नला पोचेपर्यंत एकूण चढाई चार हजार मीटरच्या वर जाते. जाऊन-येऊन वाट करणारेही काही आहेत. त्यांची चढाई आठ हजारांच्या पुढे, जवळजवळ एव्हरेस्टच्या उंचीला भिडते, आणि तरी वर्तमानपत्रात त्यांचा फोटो येत नाही, कारण पूर्ण प्रवासात ते तीनशे मीटरांच्या वर कधी गेलेलेच नसतात.

एव्हरेस्टचं नाव इथे उगाच घेतलेलं नाही. डिचलिंग बीकनच्या माथ्यावर भूमापनाचा काँक्रीटचा खांब आहे. १९३६ नंतर ब्रिटनचं त्रिकोणमापन नव्याने केलं, तेव्हा असे हजारो खांब देशभर उभारले गेले. त्या माथ्यावरून समुद्राच्या बाजूला ब्रायटन आणि त्याला चिकटलेलं होव्ह दिसतं. होव्हच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात सर जॉर्ज एव्हरेस्ट चिरविश्रांती घेत आहेत. हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात आयुष्य घालवून ते १८४३ साली निवृत्त झाले. त्यांच्या नावाचं शिखर जगात सर्वांत उंच असल्याचं गणित त्यानंतर कैक वर्षांनी मांडलं गेलं, आणि नाव देण्याला त्यांचा स्वतःचा विरोध होता. त्यांच्या आधी ज्यांनी हे सर्वेक्षण सुरू केलं ते विल्यम लॅम्बटन मात्र परतलेच नाहीत. १८२३ साली काम चालू असतानाच ते वर्ध्याजवळ हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. एकाच साखळीची ही दोन टोकं, एक हिंगणघाटच्या उन्हात आणि एक होव्हच्या खाऱ्या वाऱ्यात. खांबाला टेकून पाणी पीत असताना मी हे भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘मामा, पाणी जपून प्या, पुढचा नळ लांब आहे.’

तर फाटकं. ती तिथे का आहेत, हे समजायला थोडं कायद्यात शिरावं लागतं. ही वाट सरकारी जमिनीवरून जाते असं नाही. बहुतेक ठिकाणी ती कुणाच्या तरी खाजगी शेतातून, कुरणातून जाते. जनतेची मालकी फक्त चालत राहण्यावर. अशा वाटेला तिथे ब्रायडलवे म्हणतात, म्हणजे घोडेवाट. निळा बाण दिसला, की पायी, घोड्यावर आणि सायकलवर जाता येतं. पिवळा बाण दिसला, की फक्त पायी. सायकलवाले या यादीत फार उशिरा आले. १९६८ साली संसदेने ग्रामीण भागाविषयी एक कायदा केला, त्याच्या तिसाव्या कलमाने त्यांना घोडेवाटांवर मुभा मिळाली. अट अशी, की पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. आणि तेवढ्यावर न थांबता त्याच कलमात लिहून ठेवलं, की यामुळे सायकलवाल्यांची सोय पाहण्याची जबाबदारी कोणावरही येत नाही. लग्नाचं आमंत्रण आहे, पण पंगतीत पान मांडलेलं नाही, असा हा प्रकार. मला यातली सनावळ फार गोड वाटते. माउंटन बाइक नावाचं वाहन अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर, १९७०च्या दशकात जन्माला आलं. कायदा झाला तेव्हा ते नव्हतंच. वेस्टमिन्स्टरमध्ये मत देणाऱ्या सभासदांच्या डोळ्यांपुढे बहुधा पुढे टोपली लावलेली, घंटी वाजवत, कुणाच्या आजारपणाला भेटायला निघालेले पाद्रीबुवा असतील. त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जागेवर आता दोन्ही चाकांना शॉकअप लावलेली, चिखलाने माखलेली पोरं बसली आहेत. हक्क आधी आला, वाहन मागाहून.

या कुरणांत मेंढ्या चरतात, आणि मेंढ्यांनीच या टेकड्या इतक्या गुळगुळीत ठेवल्या आहेत. शेकडो वर्षं त्यांनी गवत दातांनी कातरलं नसतं, तर इथे काटेरी झुडपांचं रान माजलं असतं. तेव्हा मेंढ्या आत राहिल्या पाहिजेत आणि माणसं पुढे गेली पाहिजेत. या दोन गरजांच्या मध्ये फाटक उभं आहे. घोडेवाटेवरचं फाटक निदान पाच फूट रुंद हवं, हेही १९८०च्या दुसऱ्या एका कायद्यात आहे. लाकूड उन्हापावसाने रुपेरी झालेलं असतं, त्यावर दगडफुलाचे पिवळट राखाडी ठिपके. खांबावर निळा बाण आणि राष्ट्रीय वाटेची खूण म्हणून ओकचं फळ. कडीला एक उभा लोखंडी दांडा जोडलेला असतो, घोड्यावर बसल्याबसल्या हाताला लागेल इतका उंच. बिजागऱ्या किंचित तिरप्या, त्यामुळे सोडलं, की फाटक स्वतःच्याच वजनाने मागे येतं आणि खट्‌ आवाज करून लागतं. तो खट्‌ फार समाधानाचा असतो. जुन्या पेटीचं झाकण नीट बसल्यावर जसं वाटतं तसं. भाचा सायकलवरून न उतरता फाटक पार करतो. वेग कमी करायचा, डाव्या हाताने दांडा ओढायचा, पुढच्या चाकाने फाटकाला नाकासारखं हळूच ढोसायचं आणि ते परत यायच्या आत अंग काढून घ्यायचं. हे जमतं ते फाटक पलीकडे उघडणारं असेल तर. आपल्या बाजूला उघडणारं आलं, की त्याचीही कला संपते. सायकल मागे घ्यावी लागते, पाय टेकावा लागतो, आणि घोड्यासाठी बनवलेल्या दांड्यात जर्किनची बाही अडकून पडते.

आणि मग मागून कोणीतरी येत असतं. इंग्लंडमध्ये मागून कोणीतरी येत असतंच. फाटक धरून ठेवायला हवं असं वाटण्याइतकं ते जवळ असतं आणि धरून ठेवलं तर अवघडल्यासारखं वाटावं इतकं लांब. एकदा साधारण साठ-सत्तर पावलांवर एक वृद्ध जोडपं होतं, काठ्या टेकत, रमतगमत चाललेलं. आम्ही फाटक धरलं. आम्ही धरलंय हे दिसताच त्यांची रमतगमत चाल संपली. आजोबांनी काठ्या काखेत मारल्या, आजींनी टोपी हाताने दाबली आणि दोघं आमच्यासाठी, त्या चढावर, चक्क पळू लागली. आम्ही हातानेच सावकाश या म्हणून खुणावलं, तर त्यांना ती लगबग करण्याची खूण वाटली. धापा टाकत येऊन त्यांनी ‘सॉरी, सॉरी’ म्हटलं. आम्ही ‘सॉरी’ म्हटलं. मग ते ‘थँक यू’, आम्ही ‘नो, थँक यू’. फाटक धरून आम्ही त्यांच्या तब्येतीचं नुकसान केलं होतं आणि ते त्याबद्दल आमचे आभार मानत होते. पुढच्या फाटकाशी मी भाच्याला म्हटलं, ‘कोणी दिसत नाहीये, पटकन सटकू.’ तो म्हणाला, ‘मामा, मागे बघू नका. बघितलं की धरावं लागतं.’ तिथे तग धरून राहायचं हेच तंत्र असावं. पण तो स्वतः बोलता बोलता मागे बघतच होता.

घोडा भेटला, की आणखी वेगळं. सायकल आवाज न करता मागून येते आणि घोडा मुळात भित्रा. त्याच्या पूर्वजांना मागून आवाज न करता येणाऱ्या गोष्टींनी खाल्लेलं असतं. म्हणून लांबूनच बोलायचं असतं. आपण माणूस आहोत, हे घोड्याला कळलं पाहिजे. काय बोलायचं याचा नियम नाही. भाचा हवामानावर बोलतो, इंग्रजीत. एकदा एका उंच तपकिरी घोड्याच्या मागे मी एकटाच होतो. वरची बाई वळून पाहीना, तेव्हा मी आवाज दिला, ‘बाबा रे, मीच आहे, घाबरू नकोस, सावकाश जा.’ घोड्याचे दोन्ही कान माझ्याकडे वळले. बाई हसली आणि तिने त्या लांब दांड्याने फाटक उघडून माझ्यासाठी धरलं. खरं तर वाट मी द्यायची होती. कायदा तिच्या बाजूने होता. १९६८ सालचं ते कलम एका घोड्याच्या कानांमुळे थोडा वेळ उलटं झालं.

फाटक जसं होतं तसं ठेवावं, उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावलेलं, हा तिथल्या रानात फिरायचा जुना रिवाज. हे कळलं तेव्हा मला आमच्या कऱ्हाडकडच्या गावातली पाणंद आठवली. आमच्या रानात जायची वहिवाट चुलत्यांच्या बांधावरून होती, आणि बांधावरून काय काय होतं हे मराठी वाचकाला सांगायला नको. बांध कोरला, पाणंद नांगरली, रस्ता अडवला. मामलेदार कोर्टाचा १९०६चा कायदा या मातीत अजून जिवंत आहे तो याच पुण्याईवर. भांडण ताजं असलं, की चुलते बाभळीची एक मोठी काटेरी फांदी वाटेत आडवी टाकायचे. आजोबा ती बघून तालुक्याला निघायचे. आजी मात्र हातातल्या काठीने फांदी उचलून बाजूला करायची, डोक्यावरची भाकरीची पाटी सांभाळत पलीकडे जायची आणि मागे वळून फांदी होती तशीच, होत्या त्याच दिशेला शेंडा करून, परत ठेवायची. ‘त्यांच्या शेळ्या सुटतील,’ म्हणायची. दावा वर्षानुवर्षं चालला. काय निकाल लागला ते मला माहीत नाही, आणि आजीला कधी पत्ताही नसावा. ती रोज जात होती.

ब्रायटनच्या वर, पॅचमजवळ, वाटेपासून खाली उतरणाऱ्या एका कुरणात पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेले हिंदुस्थानी शिपाई ब्रायटनला आणले जात. तिथल्या राजवाड्याचंच इस्पितळ केलेलं होतं, धर्म-जातींप्रमाणे स्वयंपाकघरं वेगळी, पाण्याचे नळ वेगळे. जे वाचले नाहीत त्यांतल्या ५३ हिंदू आणि शीख शिपायांना या टेकडीवर अग्नी दिला. छत्रीचा आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या वास्तुरचनाकाराने केला, आणि १९२१च्या फेब्रुवारीत प्रिन्स ऑफ वेल्सने तिचं अनावरण केलं. मी शिंदे छत्री पाहिलेला माणूस. ही त्या मानाने साधी, आठ खांबांवरचा एक घुमट. आसपास मेंढ्या चरत होत्या. बूट काढावेत की नाही, हे मला ठरवता येईना. सायकलचे बूट, त्यांना तळाशी लोखंडी खिळी, शेवटी काढले. भाच्यानेही काही न बोलता काढले. मोज्यांना खडूचा चिखल लागला. परतताना फाटकाशी आलो तर एक मेंढी आमच्या आधीच येऊन उभी होती, कोणीतरी उघडेल अशा भरवशाने. तिला मागे सारून, स्वतः निघून, फाटक तिच्या तोंडावर लावायला बरंच वाईट वाटलं.

खडूची वाट ओली असली, की तिच्यावर पांढरी साय धरते आणि चाक कुठे जाईल याला धरबंध राहत नाही. कोरडी असली, की खडूत रुतलेल्या गारगोट्या वर येतात. गारगोटी बाहेरून पांढरट, गोलसर, निरुपद्रवी. फुटली, की आत काळी काच. ऑलफ्रिस्टनच्या पुढच्या चढावर अशाच एकीने भाच्याचं मागचं टायर चिरलं. ट्यूब नसलेलं टायर. आतला दुधासारखा चीक सुसू करत उडाला, भाच्याने चाक गरागरा फिरवलं आणि तो चीक त्या चिरेत जाऊन आपोआप गोठला. माझ्या पिढीने घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधले, सोल्युशन लावून फुंकर मारली. मी नुसता बघत राहिलो.

ऑलफ्रिस्टनपाशी वाटेला दोन फाटे फुटतात. पायी जाणारे समुद्राच्या बाजूला, पांढऱ्या कड्यांच्या माथ्यावरून जातात. घोडे आणि सायकली आतून, जेव्हिंग्टन नावाच्या गावावरून. छायाचित्रांतला सगळा थाट पायवाल्यांच्या वाट्याला आला आहे, हे कबूल. पण जेव्हिंग्टनला चर्चच्या आवारात शिरायचं जे फाटक आहे, ते कड्यांवर नाही. त्याला टॅप्सेल फाटक म्हणतात. अशी फाटकं फक्त ससेक्समध्ये आहेत, तीही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. याला बाजूला बिजागरी नाही. बरोबर मध्ये एक खुंटा आणि त्याच्याभोवती पूर्ण फाटक फिरतं, कुठल्याही बाजूने ढकला. उघडलं, की मध्ये फाटक आणि दोन्ही अंगांना वाट. याचा एक उपयोग असा सांगतात, की शवपेटी खांद्यावर घेऊन येणारी माणसं दोन ओळींत, फाटकाच्या दोन्ही बाजूंनी, पावलं न बिघडवता जाऊ शकतात. पेटी फाटकाच्या वरून जाते. म्हणजे आत जाणाऱ्यासाठी कोणाला फाटक धरून उभं राहावं लागत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी फाटकं धरली, सॉरी म्हटलं, चढावर धावत आले. त्या लोकांनी निदान या एका प्रसंगी कोणाला ताटकळत ठेवायचं नाही अशी व्यवस्था लावून ठेवली, याचं मला भारी कौतुक वाटलं.

मी ते फाटक एका बाजूने फिरवून आत गेलो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आलो. मग भाच्याने केलं. आवारात एक म्हातारे गृहस्थ गवत कापत होते, त्यांनी यंत्र थांबवून आमच्याकडे पाहिलं. आपल्या खेळामुळे त्यांचा खोळंबा होतोय असं वाटून आम्ही ‘सॉरी’ म्हटलं. आपल्या यंत्राच्या आवाजाचा आम्हाला त्रास होतोय असं वाटून त्यांनीही म्हटलं. टेकडीमागून ढग वर येत होते. भाच्याने हेल्मेटचा पट्टा आवळला आणि म्हणाला, ‘मामा, आता एकच चढ राहिलाय, मग थेट ईस्टबोर्न.’

‘चढाचं सोड,’ मी म्हटलं, ‘फाटकं किती?’

त्याने खिशातून नारिंगी वेष्टनाचा नकाशा काढला, मांडीवर पसरला आणि बोटाने हिरव्या तुटक रेषेचा माग काढत बसला. तेवढ्यात मागून टापा वाजल्या, आणि आम्ही दोघंही एकदमच सायकली वाटेच्या कडेला घेऊन त्या घोड्याशी हवामानाबद्दल बोलू लागलो.